अनंत म्हणजे सहा

आमच्या विभागात अनंत म्हणजे सहा होतं. गणितात रूढी नसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी गणिताच्या विभागात कधी नोकरी केलेली नाही.

समजायला अवघड नाही. कारखान्यात यंत्रातून एक गरम पत्रा सावकाश ओढला जातो आणि तो निवावा म्हणून द्रवातून नेलेला असतो. पत्र्याला लागून असलेला द्रव त्याच्याबरोबर फरफटत जातो, लांबचा द्रव ढिम्म असतो. मधला द्रव कसा वागतो आणि पत्रा किती वेगानं निवतो, एवढाच आमचा प्रश्न. या एका पत्र्यावर आमच्याकडच्या कितीतरी गणितज्ञांची चूल पेटायची. कुणी शेजारी चुंबक आणून ठेवायचं, कुणी पत्र्याला बारीक छिद्रं पाडायचं, कुणी पाण्याच्या जागी वितळलेला धातू घ्यायचं. दर वेळी समीकरणात एक पद वाढायचं आणि एक शोधनिबंध व्हायचा. खरा कारखाना आमच्यापैकी कुणीही पाहिलेला नव्हता. माझा नवरा सरकारी कारखान्यात इंजिनिअर होता, तो मला म्हणायचा, एकदा ये की बघायला. मी कधी गेले नाही.

तर पत्र्यापासून खूप लांब गेलं की सगळं शांत असतं, हे आमचं गृहीत. त्या खूप लांबला कागदावर अनंत म्हणतात. संगणकाला अनंत कळत नाही, त्याला आकडा द्यावा लागतो. आमच्याकडे तो सहा होता. माझ्या मार्गदर्शक सरांच्या सरांनी कधीकाळी सहा घेतला, कारण दुसऱ्यांच्या मोठ्या संगणकावर आठवड्याला मोजकी मिनिटं मिळायची आणि सहाच्या पुढे गेलं की वेळ संपायचा. त्यांच्या प्रश्नाला सहा पुरेसाही होता. मग सरांनी सहा घेतला, मग मी घेतला. घरात आमटीला चिंच घालतात की कोकम, हे नव्या सुनेला कुणी कारणं देऊन सांगत नाही. तसंच होतं ते.

मी सांगलीची. एम.एस्सी. झाल्या झाल्या लग्न होऊन बेंगळुरूला आले आणि बनशंकरीतल्या दोन खोल्यांत संसार मांडला. पीएच.डी. करायची म्हणून दोन प्राध्यापकांना भेटले. एकानं विचारलं, मूल कधी होणार? दुसऱ्यानं विचारलं नाही, पण माझ्या मंगळसूत्राकडे बघून आपल्याकडे जागा नाही म्हणाला. तिसरे सर. त्यांनी माझी गुणपत्रिका बघितली, फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि म्हणाले, "सोडव बघू." मी अर्ध्यात अडकले. ते म्हणाले, "अर्ध्यापर्यंत आलीस की. सरी, सोमवारपासून ये."

ते मराठीत बोलले तेव्हा मी उडालेच. सरांचं घराणं पाच पिढ्यांपूर्वी कधीतरी इकडे आलं आणि इकडचंच झालं. मराठी त्यांच्या घरात उरली होती ती देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या जागेत, कानडीत भिजलेली, 'बरं'चं 'सरी' आणि 'नको'चं 'बेडा' झालेली. मला ते पहिल्या दिवसापासून 'अम्मा' म्हणायचे, कानडी घरांत मुलीला मायेनं म्हणतात तसं. त्यांच्या बायकोला मी अक्का म्हणत असे. त्यांना मूलबाळ नव्हतं.

पुढे मला मुलगी झाली, प्रबंधाच्या ऐन मध्यावर. सासूबाई आजारी, आई सांगलीला. मी सरांना म्हटलं, एक वर्ष थांबते. दुसऱ्या दिवशी अक्काच रिक्षा करून जयनगरहून आमच्या दारात. मुलीला कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "हिचं दूध कुठं आहे ते दाखव. संध्याकाळी नेऊन घे." दोन वर्षं माझी मुलगी त्यांच्या घरी वाढली. ती पहिला शब्द बोलली तो कानडी. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटेल, बाई एवढी घाबरत कशाला होती, तोंड उघडायचं होतं. तोंड उघडणं सोपं असतं, ज्यांचं मीठ खाल्लेलं नसतं त्यांच्यापुढे.

माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण वितळलेल्या धातूचं होतं. तो पातळ असतो आणि उष्णता झपाट्यानं पसरवतो. समीकरणातला एक आकडा आम्ही कमी कमी करत नेला, तसतसा पत्र्याचा निवण्याचा वेगही कमी होत गेला. पण एका जागी येऊन तो थांबला. शून्य दशांश एक सहा सहा सात. आम्ही चुंबक वाढवलं, छिद्रं वाढवली, काहीही केलं तरी त्या आकड्याखाली तो उतरेना. मी आलेख घेऊन सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून कागद डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिले. "निसर्ग इथं थांबतो, अम्मा," ते म्हणाले.

आमच्या धंद्यात आकडा नुसता देऊन चालत नाही, त्याचं भौतिक कारणही लिहावं लागतं. आम्ही लिहिलं. धातूचे कण पत्र्याजवळ उष्णतेचा एक किमान पूल टिकवून धरतात, वगैरे. छान दोन परिच्छेद होते, मी लिहिले होते. निबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. लोक त्या आकड्याला सरांची मर्यादा म्हणू लागले. मला पदवी मिळाली, त्याच विभागात लेक्चररची नोकरी मिळाली आणि सर परिषदांमधून त्या आकड्यावर बोलू लागले. त्या आकड्याच्या आधारानं सरांच्या आणखी तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध झाले. तिघे तीन गावांत नोकरीला लागले.

मग विभागात पहिला स्वतःचा संगणक आला. त्याला वातानुकूलित खोली मिळाली. आम्हाला पंखेही धड नव्हते. आता मिनिटं मोजायची गरज नव्हती. एका दुपारी तास नव्हता, म्हणून मी जुना प्रोग्रॅम त्यावर घातला, चालतो का बघायला. चालला. आकडा आला, शून्य दशांश एक सहा सहा सात. जुना शेजारी भेटल्यासारखं वाटलं. काही करायला नव्हतं म्हणून मी सहाच्या जागी बारा घातले.

आकडा आला, शून्य दशांश शून्य आठ तीन तीन.

मी चोवीस घातले. तो पुन्हा निम्मा झाला. मला घाम फुटला, त्या थंडगार खोलीत. एकाला सहानं भागलं की शून्य दशांश एक सहा सहा सात येतात. एकाला बारानं भागलं की शून्य दशांश शून्य आठ तीन तीन. पाचवीतल्या पोराला येणारा भागाकार! धातूत उष्णता इतकी लांब पसरत होती की सहाच्या पुढे बरंच काही घडत होतं, आणि आम्ही सहावर भिंत घालून तिला तिथंच संपवत होतो. निसर्ग कुठंच थांबत नव्हता. आम्ही निसर्गाचा नियम म्हणून जे छापलं, तो आमच्या विभागाचा रिवाज होता.

संगणक बंद केला, खोलीला कुलूप लावलं आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले. तीन बस सोडल्या. मला सगळ्यात लाज कशाची वाटली असेल, तर त्या दोन परिच्छेदांची. नसलेल्या गोष्टीचं कारण मी किती सफाईनं लिहिलं होतं!

नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या या चुकीमुळे कुठं काही पडलं, कुणी मेलं?"

"नाही. हे कुणी वापरतच नाही."

"मग चूक कळवून टाक आणि मोकळी हो. आमच्याकडे एक नट चुकला तर चौकशी बसते."

त्याला वाटलं त्यानं मला धीर दिला. खरं तर त्यानं माझी जागा दाखवून दिली. कुणाचंही काही बिघडत नव्हतं, म्हणून बोलायची घाई नव्हती. आणि बोललं असतं तर चार घरांचं बिघडणार होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं ते प्रकरण. मी तीन महिने गप्प बसले. तेवढ्यात माझी रीडरच्या जागेसाठी मुलाखत ठरली आणि अर्जात पहिला निबंध तोच होता. त्याच सुमारास सरांच्या निवृत्तीच्या समारंभाची तयारी सुरू झाली. निमंत्रणपत्रिकेवर तो आकडा सोनेरी अक्षरांत छापायचा ठराव झाला. तेव्हा मात्र मला राहवेना.

रविवारी सकाळी मुलीला घेऊन जयनगरला गेले. सर व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी तीन आकड्यांचा कागद समोर ठेवला: सहाला हा, बाराला हा, चोवीसला हा. त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. लग्नपत्रिकेच्या रिकाम्या पाकिटावर त्यांनी तीन भागाकार केले, पेन्सिल खाली ठेवली आणि रस्त्याकडे बघत बसले. फुलवाली ओरडत गेली, कुणीतरी स्कूटर धूत होतं. आत अक्का माझ्या मुलीला डोसा वाढत होत्या.

"किती दिवस झाले ठाऊक होऊन?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने."

"तीन महिने एकटी घेऊन बसलीस?" ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "सर, दोन पानांचं पत्र पाठवू. आपल्या दोघांच्या सह्या. आपणच आपली चूक सांगितली की लोक मान देतात."

"ते मोठ्या लोकांना, अम्मा. आपल्याला म्हणतील, यांना गणितच येत नाही." मग हळूच, "ती तिघं पोरं आहेत. एकाला अजून कायम केलेलं नाही. तुझी मुलाखत आहे. आणि मला..." ते थांबले. "मला एवढं एकच सापडलं होतं गं आयुष्यात."

मी मान खाली घातली.

"मी गेल्यावर छाप," ते म्हणाले. "तू छाप. तुझ्या नावानं. मी काय बघायला येतोय? पण माझ्यादेखत बेडा. शब्द दे."

मी शब्द दिला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. मुलाखत पुढच्या महिन्यात होती. निमंत्रणपत्रिका मात्र सरांनी साध्या करायला लावल्या. आकडा गाळला. लोक म्हणाले, केवढा विनय!

मी रीडर झाले. पगार वाढला, खोली मिळाली, दारावर पाटी आली. आमची दोघांची अळीमिळी गुपचिळी सुरू झाली. दर आठवड्याला मी जयनगरला जायची. सर नव्या पुस्तकांवर बोलायचे, क्रिकेटवर बोलायचे, वितळलेल्या धातूवर चकार शब्द नाही. वर्गात मी मुलांना सांगायची, आपलं उत्तर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नका. असं सांगताना माझा आवाज जरा जास्तच चढायचा. मुलं मला कडक समजत.

नवं काही करायला घ्यावं तर तेही जमेना. मला येत होतं ते सगळं त्या पत्र्याभोवतीच होतं, आणि त्या पत्र्यावरचा कुठलाही निबंध त्या आकड्याशी जुळायलाच हवा होता. जुळवला तर खोटं, नाही जुळवला तर शब्द मोडला. म्हणून मी लिहायचं थांबवलं. सहकारी म्हणायचे, बाई रीडर झाल्या आणि निजल्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

एकदा एका नियतकालिकानं एक निबंध माझ्याकडे तपासायला पाठवला. कुठल्या तरी लांबच्या देशातले दोघे लेखक. त्यांनी तोच प्रश्न नव्या पद्धतीनं सोडवला होता आणि त्यांनाही शून्य दशांश एक सहा सहा सातच आले होते. आमच्या निबंधाशी आपलं उत्तर उत्तम जुळतं, असं त्यांनी आनंदानं लिहिलं होतं. मी परिशिष्टातला त्यांचा प्रोग्रॅम बघितला. त्यांनी अनंत सहा घेतलं होतं, आमच्या निबंधात सहा होतं म्हणून. आमची रूढी आता समुद्रापार गेली होती. मी तो निबंध परत पाठवला. कारण दिलं, भाषा सुधारायला हवी. भाषा उत्तम होती. त्या दिवशी मला स्वतःचा जितका तिटकारा आला तितका नंतर एकदाच आला.

पळून जायची वाट होती. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत बेंगळुरूत ज्याला दोन समीकरणं मांडता येतात त्याला सॉफ्टवेअरवाले उचलून नेत. पुण्याहून आलेली एक मैत्रीण अशीच विभाग सोडून मारतहळ्ळीच्या पुढे एका कंपनीत गेली होती. ती भेटली की म्हणायची, "अगं, तू अजून त्या डिपार्टमेंटमध्येच? तिथं काय प्रॉब्लेम सॉल्व्ह करतेस? इकडे ये, आम्हाला मॅथवाले हवेतच." मी मुलाखत देऊन आले. पगार तिप्पट. नेमणुकीचं पत्र पंधरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरले आणि मग नको म्हणून कळवलं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. पण मी गेले असते तर त्या चुकीचं कुणाला देणंघेणं राहिलं नसतं. ती तशीच पुस्तकांतून पुढे गेली असती. सर जाईपर्यंत मला तिथंच थांबणं भाग होतं.

सर जाईपर्यंत. हे शब्द मी सहज वापरायला कधी लागले, मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा त्यात काही वाटत नव्हतं, तो नुसता करार होता. पुढे पुढे सरांना सर्दी झाली तरी माझे कान टवकारायचे. सकाळी लालबागेत चार फेऱ्या मारतो म्हणून ते सांगायचे आणि मी वा वा म्हणायची. त्यांचे वडील पंच्याऐंशी वर्षं जगले, असं अक्का एकदा कौतुकानं म्हणाल्या. बसमध्ये बसल्यावर मी हिशेब केला. तेव्हा मी किती वर्षांची असेन? अठ्ठावन्न निघाले. निवृत्तीच्या दारात. मला रडू आलं, आणि ते कशासाठी आलं हे मला कळत होतं.

दशक संपत आलं होतं तेव्हा एका सकाळी आठला अक्कांचा फोन आला. सरांच्या छातीत दुखतंय, शेजारी घेऊन गेलेत, तू ये. मी गेले. अतिदक्षता विभागाच्या बाहेर लोखंडी खुर्च्या होत्या, तिथं आम्ही दोघी बसलो. अक्का स्तोत्र पुटपुटत होत्या. मी त्यांचा हात धरला होता. मी प्रार्थना करत नव्हते असं नाही. पण मन दोन ठिकाणी होतं. मी लिहून ठेवलेलं ते दोन पानांचं पत्र घरच्या संगणकात आहे, त्याला नवा आलेख जोडायला हवा, संपादक बदललेत, पत्ता बघायला हवा. हे सगळं मी सरांच्या बायकोचा हात हातात धरून ठरवत होते.

दुपारी बाराच्या सुमारास डॉक्टर बाहेर आले. धोका टळला, म्हणाले, माणूस काटक आहे, काळजी घेतली तर पंधरा-वीस वर्षं सहज. अक्कांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "पोटची मुलगी नव्हती म्हणून देवानं तुला धाडलं," त्या म्हणाल्या. आणि माझ्या मनात पहिला शब्द उमटला तो 'अजून' असा होता. अजून पंधरा-वीस वर्षं.

लगेच पुढच्या क्षणी मला आनंदही झाला, अगदी खरा. पण पहिला शब्द तो होता. ज्यांनी मला दारात उभं केलं, माझं मूल वाढवलं, ते वाचले म्हणून मी हिरमुसले होते.

घरी आले, संगणकावर ते पत्र उघडलं. बऱ्याच दिवसांत उघडलं नव्हतं. शेवटी आभाराची ओळ होती, ती वाचली. तिथं लिहिलं होतं, 'माझे दिवंगत मार्गदर्शक'. मी लिहिलं होतं, केव्हातरी, पुढचं काम आत्ताच उरकून ठेवावं म्हणून. मी तो एक शब्द पुसला. तारखेची जागा रिकामी सोडलेली होती, तिथं त्या दिवसाची तारीख घातली. प्रिंट काढून एकटीची सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या रजिस्टर्ड केलं. बाहेर येऊन पायरीवर बसले. माझी पुढे काय गत होईल, नोकरी राहील की जाईल, यातलं काहीही डोक्यात नव्हतं. सरांना आता कितीही जगता येईल, एवढंच डोक्यात होतं.

सर घरी आले त्याला आठवडा झाला तेव्हा मी सांगायला गेले. छापून आल्यावर त्यांना तिसऱ्याकडून कळलं असतं तर ते माझ्यानं सहन झालं नसतं. ते व्हरांड्यातच होते, गुडघ्यांवर शाल. बारीक झाले होते. म्हणाले, "ये अम्मा, बस. बघ, सोडलं यमानं."

मी उभीच राहिले. म्हटलं, "सर, मी पत्र पाठवलं."

कुठलं, असं त्यांनी विचारलं नाही. शालीचं टोक ते बोटांत गुंडाळत राहिले.

"दोघांच्या नावानं?"

"माझ्या एकटीच्या. त्यात लिहिलंय की सहा मी घेतला. आकडे मी काढले, कारण मी लिहिलं."

"ते खोटं आहे. सहा मी दिला तुला."

"हो, सर."

"मी थांब म्हटलं होतं," ते म्हणाले. "शब्द दिला होतास. मी काय फार मागितलं? अजून किती दिवस होतो मी? स्वल्प थांबता आलं नाही तुला?"

मी वाटेत बसमध्ये पुष्कळ वाक्यं जुळवली होती. सत्याची, विज्ञानाची, पुढच्या मुलांची. त्यातलं एकही खोटं नव्हतं, आणि त्यातलं एकही कारण नव्हतं. या माणसाला मी आजवर कारणं लिहून दिली ती पुरेत, असं वाटलं.

"सर," मी म्हटलं, "मी वाट बघायला लागले होते."

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कळलं. कळताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं आहे आणि ते मला इथं लिहिता येत नाही. मी रडत होते. ते रडले नाहीत. मान वळवून त्यांनी आत, स्वयंपाकघराकडे बघितलं. आत अक्का कुणाशीतरी फोनवर मोठ्यानं बोलत होत्या, सर कसे वाचले ते सांगत होत्या.

"पत्राचं तिला मी सांगतो," सर म्हणाले. "हे सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"कधीच."

"कधीच नाही, सर."

तेवढ्यात फोन ठेवून अक्का बाहेर आल्या. माझे डोळे बघून म्हणाल्या, "अगं वेडे, आता कशाला रडतेस? वाचले ना ते." आणि मला जवळ घेतलं. सर रस्त्याकडे बघत होते. मी अक्कांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिले, त्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मला त्यांना थांबवता येत नव्हतं.